‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर: अख्ख्या वाड्याची किल्ली न देता नेमकं दार कसं उघडायचं

नारायण पेठेतल्या एका डीटीपी ऑफिसातून संध्याकाळी फोन आला. दिवाळी अंकांचे दिवस, टेबलावर तीन अंकांची प्रुफं, आणि पलीकडचा आवाज रडवेला. “ताई, माझी शब्दयादी गेली. तीन वर्षांची. कालपर्यंत होती.”

ही शब्दयादी म्हणजे अक्षरजुळणीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तिने एकेक शब्द घालून जमवलेला शुद्धलेखनाचा कोश. लेखकांची नावं, गावांची नावं, ऱ्हस्व-दीर्घात नेहमी चुकणारे शब्द. मी पोचले तेव्हा यादीच्या चौकटीत जेमतेम डझनभर शब्द दिसत होते, तेही सॉफ्टवेअरबरोबर आलेले. झालं होतं असं, की सकाळी सॉफ्टवेअरचा अपडेट घालताना ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं. कुणीतरी सांगितलं, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ कर, आणि रोज तसंच उघडत जा. तिने केलं. अपडेट झाला, पण यादी दिसेना.

यादी संगणकावरच होती, जशीच्या तशी. ती कुठे होती हे पुढे सविस्तर सांगते, कारण परवानग्यांच्या तक्रारींत लोकांना सगळ्यांत जास्त घाबरवणारा प्रकार हाच आहे. पेठांमधल्या छोट्या ऑफिसांचे संगणक मी सांभाळते. तिथे येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग परवानग्यांचा असतो, आणि त्यातल्या बऱ्याच घाईघाईने केलेल्या उपायातूनच चिघळलेल्या असतात. इथे सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून लिहिते आहे.

दिंडी दरवाजा

जुन्या वाड्याचं महाद्वार रोज उघडत नसत. त्यातच एक लहान दिंडी असे, रोजची ये-जा वाकून तिथून. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा जवळून पाहिला असेल तर त्यातलं छोटं दार आठवेल. विंडोजची रचना अगदी तशीच आहे.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी जवळजवळ प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचा, म्हणजे महाद्वार सताड उघडं. एखादा व्हायरस आला तर तोही त्याच दाराने थेट माजघरात. २००७ मध्ये व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आलं आणि त्याबरोबर ‘युजर अकाउंट कंट्रोल’ आलं. स्क्रीन काळवंडून ‘हो’ की ‘नाही’ विचारणारी चौकट ती हीच. तेव्हापासून तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असलं, तरी तुम्ही उघडलेला साधा प्रोग्रॅम दिंडीतूनच जातो. लॉगिन करताना विंडोज अशा खात्याला दोन ओळखपत्रं देतं, एक रोजचं आणि एक पूर्ण अधिकाराचं. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटलं आणि चौकटीत ‘हो’ केलं, की त्या एका प्रोग्रॅमपुरतं दुसरं ओळखपत्र बाहेर निघतं.

“पण मी तर ॲडमिनच आहे, मग नाही कसं म्हणतंय?” या रोजच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तुम्ही ॲडमिन आहात, पण तो प्रोग्रॅम दिंडीतून आत आलाय.

आधी खात्री करा की दुखणं परवानगीचंच आहे

चौकटीतला मजकूर बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. ‘एरर ५’ किंवा शेवटी ८००७०००५ हे आकडे असलेला कोड म्हणजे प्रवेश नाकारला. ‘७४०’ म्हणजे या कामाला वरचे अधिकार लागतात. इन्स्टॉल करताना ‘१३०३’ आलं तर इन्स्टॉलरला एका ठरावीक फोल्डरमध्ये शिरता येत नाही, आणि त्या फोल्डरचं नाव त्याच चौकटीत लिहिलेलं असतं. ते वाचा, निम्मं काम तिथेच होतं. ‘१९२०’ मात्र फसवतं. त्यात ‘पुरेसे अधिकार आहेत का तपासा’ असं वाक्य असतं, पण खरं कारण पुष्कळदा सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, दुसऱ्याच कारणाने सुरू न होणं हे असतं. ‘एरर ३२’ चा परवानगीशी संबंध नाही. ती फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग खातं कुठलं आहे ते बघा. सेटिंग्ज, त्यात अकाउंट्स, त्यात युवर इन्फो. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं नसेल तर खातं साधं आहे, आणि काळवंडलेल्या स्क्रीनवर फक्त ‘हो’ विचारलं न जाता दुसऱ्या कुणाचा पासवर्ड मागितला जाईल.

आता एक चाचणी. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, राइट क्लिक करून एकदाच ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा, आणि अडलेली तीच कृती पुन्हा करून बघा. चालली तर दुखणं परवानगीचं. नाही चालली तर आणखी अधिकार वाढवत बसू नका, कारण वेगळं आहे. ही फक्त चाचणी आहे, उपाय नव्हे. डीटीपीच्या ताईंचा घोटाळा चाचणीलाच उपाय समजल्यामुळे झाला.

चाचणी फसली तर एक जागा आवर्जून बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ मध्ये खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ सापडेल. तिथे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांत लिहू दिलं जात नाही, मग तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेला असो वा नसो. ही सोय २०१७ च्या शेवटी विंडोज १० मध्ये आली. मुळात ती बंद असते, पण कुणीतरी सुरक्षेसाठी चालू करून विसरलेलं असतं. ती बंद करू नका. त्याच पानावर ‘अलाउ ॲन ॲप’ असं आहे, तिथे तुमच्या त्या एकाच प्रोग्रॅमचं नाव घाला.

ती शब्दयादी कुठे होती

जुने ३२ बिटी प्रोग्रॅम लिहिले गेले तेव्हा प्रत्येक जण ॲडमिन असायचा. त्यामुळे ते स्वतःच्या फाइली ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये, जिथे ते स्वतः बसवलेले असतात तिथेच लिहितात. व्हिस्टापासून तिथे साध्या अधिकाराने लिहिता येत नाही. हे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून विंडोजने आडोसा केला. प्रोग्रॅम लिहायला गेला की विंडोज ती फाइल गुपचूप दुसरीकडे ठेवतं, आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं. वाचतानाही आधी तीच दुसरी जागा बघितली जाते.

ती जागा अशी: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या खात्याचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून आधी एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये ‘हिडन आयटम्स’ वर खूण करा.

प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की हा आडोसा निघतो. प्रोग्रॅम खऱ्या फोल्डरमध्ये बघतो, आणि तिथे इन्स्टॉल केल्या दिवशीची मूळ यादी असते. आम्ही दोघींनी व्हर्च्युअलस्टोअर उघडलं तेव्हा आत सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात यादीची फाइल, आणि तारीख आदल्या संध्याकाळची. नोटपॅडमध्ये उघडून दाखवल्यावरच त्या खुर्चीत टेकल्या.

असं तुमच्याकडे झालं तर हा क्रम मोडू नका.

१. प्रोग्रॅम बंद करा. त्यात नवीन काही भरू नका, नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या याद्या तयार होतील आणि नंतर हाताने जुळवत बसावं लागेल.

२. व्हर्च्युअलस्टोअरमधलं ते फोल्डर आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं खरं फोल्डर, दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

३. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये माहितीची जागा बदलता येत असेल, तर सी ड्राइव्हवर थेट नवं फोल्डर करून ती जागा द्या. अशा फोल्डरमध्ये साधारणपणे साध्या अधिकारानेही लिहिता येतं. मग यादी तिथे ठेवा, आणि झालं.

४. जागा बदलता येत नसेल, तर खऱ्या फोल्डरमधल्या फक्त माहितीच्या उपफोल्डरला लिहिण्याची परवानगी द्या. ती कशी द्यायची ते खाली आहे. मग व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली त्यात आणा.

५. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फोल्डरचं नाव बदला, नावाला ‘जुने’ असं काहीतरी जोडा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. ते फोल्डर तसंच राहिलं तर विंडोज वाचताना पुन्हा आधी तिथेच बघेल, आणि शिळी यादी वर येईल.

६. आता प्रोग्रॅम नेहमीसारखा, साधा डबल क्लिक करून उघडा.

एखादा प्रोग्रॅम या आडोशात चालतोय का, हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. ‘डिटेल्स’ मध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ उघडा. तिथे ‘एलिव्हेटेड’ आणि ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हे दोन रकाने चालू करा. पहिल्यात ‘यस’ असेल तर प्रोग्रॅम महाद्वारातून आत आलाय.

एकाच फोल्डरला परवानगी

मला सगळ्यांत जास्त पटलेला उपाय हा. माणसाला ॲडमिन करण्यापेक्षा, तो जिथे अडतोय त्या एका फोल्डरचं दार त्याला उघडून द्यायचं.

ॲडमिन खात्यातून त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘सिक्युरिटी’ चं पान, मग ‘एडिट’. ‘ॲड’ दाबून ज्याला काम करायचंय त्या खात्याचं नाव लिहा, ‘चेक नेम्स’ दाबा. नावाखाली रेघ आली म्हणजे विंडोजला ते ओळखू आलं. खालच्या यादीत ‘मॉडिफाय’ ला ‘अलाउ’ ची खूण करा. ‘फुल कंट्रोल’ देऊ नका. त्याने परवानग्याच बदलण्याचा अधिकार मिळतो आणि रोजच्या कामाला तो कधीच लागत नाही. ‘डिनाय’ च्या रकान्याला हातही लावू नका. साधारण नियम असा, की नकार होकाराला मात देतो. एका गटाला दिलेला नकार तुमच्याच खात्याला बाहेर ठेवू शकतो.

फोल्डर निवडताना माहितीचंच निवडा, प्रोग्रॅमची मुख्य फाइल जिथे आहे ते नव्हे. तिथे साध्या खात्याला लिहू दिलं, तर त्या खात्यात शिरलेला व्हायरस प्रोग्रॅमची फाइलच बदलून ठेवू शकतो. पुढे कधीतरी ॲडमिन तोच प्रोग्रॅम वरच्या अधिकाराने उघडतो, आणि व्हायरसला आयतं महाद्वार मिळतं.

ऑफिसात फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असेल तर दोन कुलुपं असतात, एक ‘शेअरिंग’ चं आणि एक ‘सिक्युरिटी’ चं. दोन्हींतलं जे जास्त घट्ट, ते लागू होतं. एकीकडे सगळं उघडून दुसरीकडे ‘रीड’ ठेवलं, तर हिशेबनीस फाइल उघडू शकतील पण साठवू शकणार नाहीत. सदाशिव पेठेतल्या एका करसल्लागारांकडे जुलैमध्ये, रिटर्नांच्या ऐन गर्दीत, नेमकं हेच झालं होतं. सगळे जण सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत होते आणि दोष होता शेअरिंगच्या एका खुणेत.

कुठलं फोल्डर अडतंय हेच कळत नसेल, तर ‘प्रोसेस मॉनिटर’ हे फुकट साधन उतरवा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचं ते काम. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतली, आणि साधन आता मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळतं. ते चालू केलं की सेकंदाला हजारो ओळी धावू लागतात, घाबरू नका. फिल्टरमध्ये तुमच्या प्रोग्रॅमचं नाव द्या, ‘रिझल्ट’ मध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’ द्या, आणि अडणारी कृती करा. चार-दोन ओळी उरतात, त्यांत फोल्डरचा किंवा रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) पूर्ण पत्ता असतो. तर्क करत बसण्यात दुपार घालवण्यापेक्षा ही दहा मिनिटं घालवा.

पासवर्ड कुणाचा टाकला?

साध्या खात्यातून इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड टाकला, की इन्स्टॉलर त्या ॲडमिनच्या नावाने चालतो. काही प्रोग्रॅम फक्त एका खात्यापुरते बसतात. मग ते ॲडमिनच्या खात्यात बसतात आणि तुमच्या डेस्कटॉपवर चिन्हही येत नाही. लोकांना वाटतं इन्स्टॉल झालंच नाही, आणि पुन्हा करतात. इन्स्टॉलरने ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सर्वांसाठी’ असं विचारलं, तर पासवर्ड दुसऱ्याचा असताना ‘सर्वांसाठी’ निवडा. ‘फक्त माझ्यासाठी’ निवडायचं असेल तर पासवर्ड न टाकता साधंच चालवून बघा, पुष्कळ प्रोग्रॅम तसे बसतात.

याच कुळातले आणखी दोन त्रास आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही. माउस खराब नाही, खालच्या अधिकाराच्या खिडकीला वरच्या खिडकीशी तसं बोलू द्यायचं नाही असा विंडोजचाच नियम आहे. ‘फाइल’ मधून ‘ओपन’ करा. आणि नेटवर्कचा झेड ड्राइव्ह अशा प्रोग्रॅमला बहुधा दिसत नाही, कारण तो दुसऱ्या ओळखपत्रावर जोडलेला असतो. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी पूर्ण पत्ता लिहा: दोन उलट्या तिरप्या रेघा, समोरच्या संगणकाचं नाव, एक उलटी रेघ, फोल्डरचं नाव.

ज्याला खरंच वरचे अधिकार लागतात

असेही प्रोग्रॅम असतात. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सहीसाठी लागणारं युटिलिटी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला त्यांच्याच सूचनांमध्ये सांगितलेलं आहे. अशा वेळी त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘कॉम्पॅटिबिलिटी’, आणि तिथे ‘रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ वर खूण. चौकट दर वेळी येईल, ती येऊ द्या.

मात्र असा प्रोग्रॅम ‘स्टार्टअप’ मध्ये टाकला तर संगणक सुरू होताना तो आपोआप उघडत नाही. त्यासाठी टास्क शेड्युलर उघडून ‘क्रिएट टास्क’ घ्या, ‘बेसिक टास्क’ नको. पहिल्याच पानावर ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ वर खूण, ‘ट्रिगर्स’ मध्ये ‘ॲट लॉग ऑन’, ‘ॲक्शन्स’ मध्ये प्रोग्रॅमची फाइल. लॅपटॉप असेल तर ‘कंडिशन्स’ मध्ये जाऊन ‘फक्त वीज जोडलेली असतानाच’ ही खूण काढा, नाहीतर बॅटरीवर असताना तो चालणार नाही. हे ॲडमिन खात्यालाच लागू पडतं. साध्या खात्याला यातून जास्तीचे अधिकार मिळत नाहीत, आणि मिळू नयेतच.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला किंवा बदलायला विंडोज ॲडमिनचे अधिकार मागतं, कारण त्याआधी प्रिंटिंगच्या सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी सापडली होती. प्रत्येक संगणकावर ॲडमिनने एकदा ड्रायव्हर बसवून दिला की काम भागतं. रजिस्ट्रीत बदल करून ही अट काढायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका.

जुन्या डिस्कवरचं फोल्डर

विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हापासून नव्या संगणकाला जुनी डिस्क जोडून माहिती काढण्याची कामं माझ्याकडे बरीच येतात. फोल्डर उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं, कारण त्याचा मालक जुन्या संगणकावरचं खातं आहे आणि नवा संगणक त्याला ओळखत नाही. सिक्युरिटीच्या पानावर नावाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि लांबलचक आकडा दिसतो.

आधी साधा उपाय. विंडोज ‘कंटिन्यू’ विचारेल, ते दाबून वाट बघा. त्याने तुमच्या खात्याची नोंद त्या फोल्डरवर कायमची होते, आणि आत फाइली खूप असतील तर वेळ लागतो. तेवढ्याने भागलं नाही तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ‘ॲडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’ समोर ‘चेंज’ दाबा, स्वतःचं खातं लिहा, ‘चेक नेम्स’. मग आतल्या सगळ्या फोल्डरांनाही मालक बदलायची खूण करून ‘ॲप्लाय’. खिडक्या बंद करून पुन्हा उघडा आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वतःला परवानगी द्या. हे फक्त तुमच्या फोटो-कागदपत्रांच्या फोल्डरावर करा. फाइली विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर मालकी घेऊनही त्या उघडत नाहीत. जुन्या खात्याची किल्ली लागते, म्हणून त्या फाइली हाती येईपर्यंत जुना संगणक विकू किंवा पुसू नका.

जिथे थांबायचं

युजर अकाउंट कंट्रोलची पट्टी सगळ्यांत खाली ओढणं, सी ड्राइव्हला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देणं, आणि ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत खात्याच्या मालकीच्या विंडोजच्या फाइली स्वतःच्या नावावर करणं, ही तिन्ही कामं लोक थकून करतात. तिसऱ्याने अपडेट बिघडतात, आणि परवानग्या मूळ जागी आणणं इतकं किचकट असतं की शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं.

लॅपटॉप कंपनीचा असेल, मग ती हिंजवडीतली असो की खराडीतली, तर वरचं काहीही करू नका. तिथे परवानग्या कंपनीच्या धोरणाने ठरतात आणि त्या ओलांडणं नोकरीवर येऊ शकतं. आयटीला तिकीट टाका, सोबत चौकटीचा फोटो, प्रोग्रॅमचं नाव आणि अडणाऱ्या फोल्डरचा पत्ता जोडा. नेमकी माहिती असली की त्यांनाही लवकर निर्णय घेता येतो.

स्वतःच्या ऑफिसात मात्र एक वही ठेवा. तारीख, संगणक, फोल्डर, कुणाला कुठली परवानगी दिली. नारायण पेठेतल्या त्या ताईंनी प्रुफांच्या वहीचंच शेवटचं पान त्यासाठी घेतलं आहे. पहिली नोंद शब्दयादीच्या फोल्डरची आहे, आणि शेजारी लाल पेनने लिहिलंय, दर शनिवारी पेनड्राइव्हवर प्रत.